जुनी पुंगळी, नवी गोळी

‘व्हार्मिंट’ हा अमेरिकेच्या ग्रामीण बोलीतला शब्द ‘व्हर्मिन’ या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश आहे. पिकांची नासाडी करणारे, कुरणांत बिळे पाडणारे, कोंबड्या पळवणारे सगळे उपद्रवी प्राणी या एका नावाखाली येतात. पूर्वेकडे पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंडच्या गवताळ शेतांत त्यांतला मुख्य म्हणजे मांजराएवढा, बिळात राहणारा वुडचक. पश्चिमेकडच्या पठारांवर प्रेअरी डॉग, जमिनीवर वावरणाऱ्या खारी, खडकाळ उतारांवरचा रॉकचक आणि कोल्ह्याच्या जातीचा कोयोटी. नावात ‘डॉग’ असला तरी प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे. तो खारीच्या कुळातला कुरतडणारा प्राणी आहे.

या प्राण्यांसाठी विसाव्या शतकात लहान व्यासाच्या काडतुसांचे एक वेगळे घराणे तयार झाले. हरणाच्या शिकारीची रायफल इथे उपयोगाची नव्हती. लक्ष्य वीत-दीड वीत, अंतर शंभर ते तीनशे मीटर आणि शेताच्या पलीकडे कुणाचे तरी घर किंवा गोठा, अशी परिस्थिती असे. गोळी वेगवान असेल तर तिचा मार्ग सपाट राहतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो. ती हलकी आणि पातळ आवरणाची असेल तर जमिनीवर आदळताच तिचे तुकडे होतात; उसळून ती भलतीकडे जाण्याची भीती कमी होते. बंदुकीचा धक्का इतका सौम्य हवा की दुर्बिणीतून नजर न हलता परिणाम दिसावा. शिवाय एका दिवसात डझनावारी काडतुसे उडत असल्याने ती स्वस्तही हवीत. या अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. वेग वाढवायचा तर दारू जास्त लागते. दारू वाढली की नळी लवकर झिजते आणि आवाज, धक्का, खर्च असे सगळेच वाढते. प्रत्येक काडतूस ही या ओढाताणीतून काढलेली एक तडजोड आहे. आणि ही तडजोड बहुतेक वेळा कारखान्याच्या आधी कुणाच्या तरी घरच्या कामाच्या टेबलावर झाली, एखाद्या जुन्या पुंगळीचा आकार बदलून.

नावे आणि मापे

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्रायमर नावाची छोटी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. गोळी आणि दारू यांचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. गोळीचा वेग सेकंदाला अमुक फूट असा मोजतात आणि व्यास इंचाच्या दशांश अपूर्णांकात.

नावांतल्या आकड्यांवर मात्र विसंबता येत नाही. .२१८ बी, .२१९ झिपर, .२२० स्विफ्ट, .२२२ रेमिंग्टन, .२२३ रेमिंग्टन, .२२४ वेदरबी आणि .२२५ विंचेस्टर ही ओळीने लिहिली तर गोळी क्रमाक्रमाने जाड होत गेली असावी असे वाटते. प्रत्यक्षात या सगळ्यांत एकाच व्यासाची, ०.२२४ इंचाची म्हणजे सुमारे ५.७ मिलिमीटरची गोळी बसते. एक काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत जाऊ नये आणि ग्राहकाला नवे काही मिळाल्यासारखे वाटावे, म्हणून आकडे वेगळे ठेवले गेले. खरा फरक पुंगळीत आहे.

तो मोजण्याची रीत साधी आहे. रिकामी पुंगळी काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करतात. .२२ हॉर्नेटच्या पुंगळीत सुमारे १४ ग्रेन पाणी मावते, .२२२ मध्ये २७, .२२३ मध्ये ३० च्या आसपास, .२२-२५० मध्ये ४४ आणि .२२० स्विफ्टमध्ये ४८. नळी तेवढ्याच जाडीची, पण तिच्यामागची कोठी तिपटीहून मोठी झालेली. या काडतुसांची बरीचशी तुलना या पाच आकड्यांतच दडलेली आहे.

काळ्या दारूचे दिवस

या घराण्याचा पूर्वज म्हणजे १८८५ मध्ये विंचेस्टर कंपनीने काढलेले .२२ डब्ल्यूसीएफ. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून बनलेल्या एकबारी रायफलीसाठी ते होते. त्यात १३ ग्रेन काळी दारू आणि ४५ ग्रेनची शिशाची गोळी असे आणि वेग सेकंदाला जेमतेम दीड हजार फूट मिळे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर राखेसारखा उरतो आणि त्यातला बराच नळीत चिकटतो. जाड नळीला हे चालून जाते. पेन्सिलीएवढ्या बारीक नळीत मात्र थोड्याच बारांनंतर काजळी साचून नेम बिघडतो. लहान व्यासाची गोळी त्या काळी मागे पडली ती यामुळे.

बिनधुराच्या दारूने ही अडचण दूर केली, पण दोन नव्या उभ्या केल्या. गोळीवरच्या तांबे-निकेलच्या आवरणाचे कण नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, चिकटून गाठी धरत. प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटपासून जळल्यावर मिठासारखा क्षार उरे. तो हवेतला ओलावा ओढून घेई आणि त्याच दिवशी नळी साफ केली नाही तर ती गंजे. प्रायमरमध्ये पारा असला तर पितळ ठिसूळ होऊन पुंगळी दुसऱ्यांदा वापरता येत नसे. नळी जितकी बारीक, तितका हा त्रास अधिक. १९२० च्या दशकात तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची आवरणे रूढ झाली आणि न गंजवणारे प्रायमर बाजारात आले; रेमिंग्टनचे ‘क्लीनबोअर’ त्यांत सर्वांत गाजले. बारीक नळीची वेगवान रायफल सांभाळणे सामान्य माणसाला तेव्हा कुठे शक्य झाले.

वेगाची चव मात्र आधीच लागली होती. चार्ल्स न्यूटन या संशोधकाने सॅव्हेज कंपनीसाठी दोन काडतुसे रचली: १९१२ चे .२२ हाय-पॉवर आणि १९१५ चे .२५०-३०००. दुसऱ्याच्या नावातच त्याची जाहिरात होती. ८७ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,००० फूट वेगाने फेकणारे ते पहिले बाजारी काडतूस. त्याची पुंगळी पुढे वेगळ्याच कारणाने अजरामर झाली.

हॉर्नेट

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्रागाराशी संबंधित काही हौशी मंडळींनी १९२० च्या दशकात जुने .२२ डब्ल्यूसीएफ पुन्हा हाती घेतले. टाउनसेंड व्हेलेन, ग्रोव्हनर वॉटकिन्स, जी. ए. वूडी आणि अल वुडवर्थ ही त्यांतली प्रमुख नावे. त्यांनी त्याच पुंगळीत बिनधुराची दारू आणि आवरण असलेली गोळी भरली आणि सैनिकांच्या सरावासाठी बनवलेल्या .२२ रायफलींचे खटके बदलून त्यांत ती वापरून पाहिली. वेग एकदम सेकंदाला २,४०० फुटांच्या वर गेला. नाव पडले हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी.

विंचेस्टरने १९३० मध्ये हे काडतूस विकायला काढले. गंमत अशी की ते उडवणारी कारखान्यातली एकही रायफल तेव्हा बाजारात नव्हती; त्या १९३२-३३ मध्ये आल्या. तोवर बंदूकसाज दुरुस्त करणारे कारागीर जुन्या रायफली कापून-घासून कामाजोग्या करून देत. याच सुमारास डब्ल्यू. आर. वीव्हर यांची स्वस्त दुर्बीण बाजारात आली. पैसेवाल्यांकडेच दिसणारी वस्तू शेतकऱ्याच्या रायफलीवर बसली आणि दीडशे-पावणेदोनशे मीटरवरचा वुडचक आवाक्यात आला.

हॉर्नेटचा आवाज कमी, धक्का नगण्य आणि दारू चिमूटभर. दाट वस्तीच्या पूर्वेकडील भागात शेजाऱ्यांची झोपमोड न करणारे काडतूस म्हणून ते टिकले आणि आजही बनते. दोष जुन्या पुंगळीचे होते. पितळ पातळ, खांद्याचा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या भागाचा, उतार फारच मंद आणि बुडाला बाहेर आलेली कडा. बार उडाला की पुंगळी लांबते आणि चार-सहा वेळा भरल्यावर तिला चीर पडते. न्यू यॉर्कचे लाइल किलबर्न यांनी १९४० च्या सुमारास यावर तोड काढली. रायफलीतली काडतूस बसण्याची जागा थोडी मोठी, तीव्र खांद्याची कोरायची आणि नेहमीचे हॉर्नेट त्यात उडवायचे. दाबाने पितळ फुगून नव्या साच्यात बसते आणि बाहेर येते ती नव्या आकाराची पुंगळी. या ‘के-हॉर्नेट’ने वेगही वाढवला आणि पुंगळीचे आयुष्यही.

स्विफ्ट: वेगाची किंमत

१९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणले आणि ४८ ग्रेनच्या गोळीसाठी सेकंदाला ४,११० फूट, म्हणजे सुमारे १,२५० मीटर वेग जाहीर केला. ४,००० फुटांचा उंबरा ओलांडणारे हे पहिले कारखानी काडतूस. वॉटकिन्स यांनी आधी .२५०-३००० ची पुंगळी तोंडाशी आवळून प्रयोग केला होता. विंचेस्टरने मात्र १८९५ च्या सुमारास अमेरिकी नौदलासाठी बनलेल्या ६ मिलिमीटर ली काडतुसाची पुंगळी निवडली. नौदलाची ती रायफल फार काळ वापरात राहिली नाही. तिची पुंगळी मात्र चाळीस वर्षांनी वुडचकच्या शेतात पोहोचली.

स्विफ्टच्या मार्गात तीनशे मीटरपर्यंत चढउतार इतका थोडा की अंतर मोजायची गरजच जवळपास संपली. पण चार-पाच वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. बारीक नळीमागे मोठी कोठी असली की जळती दारू आणि तप्त वायू एका अरुंद गळ्यातून घुसतात आणि आट्यांच्या सुरुवातीचे पोलाद खरवडून काढतात. त्या काळच्या साध्या पोलादाच्या नळ्या ऊन झालेल्या अवस्थेतच पुन्हा पुन्हा डागल्या तर काही हजार बारांच्या आत निकामी होत. पुंगळीची मानही जाड होत जाई आणि ती कापून नीट केली नाही तर दाब धोक्याच्या पातळीवर जाई. स्विफ्टची बदनामी काही अंशी अतिरंजित होती. बार सावकाश टाकले आणि भरणी थोडी कमी ठेवली तर नळी पुष्कळ टिकते, हे पुढे दिसून आले. तरी ‘नळी खाणारे काडतूस’ हे नाव त्याला चिकटले ते कायमचे. १९६४ मध्ये विंचेस्टरने स्विफ्टच्या रायफली बंद केल्या. १९७३ मध्ये रुगर कंपनीने आपल्या एम ७७ रायफलीत त्याला पुन्हा जागा दिली.

विंचेस्टरचे याच काळातले दुसरे दोन प्रयत्न फसले. .२१८ बी आणि .२१९ झिपर ही काडतुसे कंपनीने तरफेच्या खटक्याच्या रायफलींतून आणली. त्या रायफलींत काडतुसे एका नळीत एकामागे एक रचतात. पुढच्याच्या प्रायमरवर मागच्याचे टोक टेकते, म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे. बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मावळतो आणि त्या रायफली मुळात अचूकतेसाठी बांधलेल्या नव्हत्या. काडतूस चांगले असून रायफलीमुळे बुडाले, याचे झिपर हे ठळक उदाहरण.

रानमांजरांची पैदास

कारखान्यात न बनता कारागिराच्या हातून जन्मलेल्या काडतुसाला अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’ म्हणजे रानमांजर म्हणतात. १९३० आणि ४० ची दशके ही त्यांची सुगी होती. इंडियानाचे हर्वी लोव्हेल यांनी जुन्या .२५-२० एकबारी काडतुसाची मान आवळून .२२-३००० बनवले, हॉर्नेटहून बरेच वेगवान आणि स्विफ्टहून कितीतरी सौम्य. न्यू यॉर्क राज्यातल्या फल्टनव्हिल गावचे हार्वे डोनाल्डसन यांनी झिपरची पुंगळी आखूड करून तिला तीव्र खांदा दिला. ही ‘डोनाल्डसन वास्प’ नेमबाजीच्या स्पर्धांत अनेक वर्षे पुढे राहिली.

या सगळ्यांत टिकले ते .२५०-३००० च्या पुंगळीवरचे रानमांजर. ती पुंगळी .२२ पर्यंत आवळण्याचा प्रयोग अनेकांनी स्वतंत्रपणे केला, जे. ई. गेबी आणि जे. बुशनेल स्मिथ यांनी १९३७ मध्ये त्याला पक्के रूप दिले आणि ‘व्हार्मिंटर’ नाव ठेवले. गेबी यांनी ते नाव नोंदवून घेतले. मग इतर कारागिरांनी तीच वस्तू ‘.२२-२५०’ या साध्या नावाने विकायला सुरुवात केली आणि तेच रूढ झाले. स्विफ्टच्या मानाने पुंगळी थोडी लहान, खांदा २१ अंशांऐवजी २८ अंशांचा. तीव्र खांद्यामुळे पितळ पुढे कमी सरकते, दारू सारखी जळते आणि स्विफ्टच्या जवळपास वेग थोड्या कमी दारूत मिळतो. जवळपास तीस वर्षे हे काडतूस कोणताही कारखाना बनवत नसताना हजारो रायफलींतून उडत राहिले. १९६३ मध्ये ब्राउनिंग कंपनीने, तयार काडतूस बाजारात मिळत नसतानाही, त्यासाठी रायफल काढली. १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला अधिकृत कारखानी रूप दिले. स्विफ्टची जागा घ्यायला विंचेस्टरने १९६४ मध्ये आणलेले .२२५ काही वर्षांतच त्याच्यापुढे मागे पडले.

घरचा भरणा

हे सर्व शक्य झाले ते पुंगळी पुन्हा भरता येते म्हणून. काडतुसाचा सर्वांत महाग भाग पितळ; दारू, गोळी आणि प्रायमर बदलले की तेच पितळ पुन्हा वापरता येते. यात प्रायमरच्या रचनेचा मोठा वाटा आहे. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत प्रायमरची ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि शेजारी दोन बारीक भोके असतात. ब्रिटिश एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक राहते. त्या एका भोकातून सुई घालून जळका प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. इतिहासाची थट्टा अशी की अमेरिकनाची पद्धत युरोपात रुजली आणि ब्रिटिशाची अमेरिकेत. अमेरिकेत घरोघरी भरणा वाढला तो या उसन्या प्रायमरमुळे.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. पुंगळी साफ करून दाबयंत्रातल्या पोलादी साच्यात घालतात. ती मूळ मापावर येते आणि जळका प्रायमर निघतो. लांबी वाढली असेल तर तोंड कापतात, नवा प्रायमर बसवतात, तराजूवर मोजलेली दारू ओततात आणि शेवटी ठरल्या खोलीवर गोळी दाबतात. लहान पुंगळीत मापाची चूक महाग पडते. मोठ्या काडतुसात अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला तर फारसे बिघडत नाही. हॉर्नेटमध्ये तेवढ्याने दाब आणि नेम दोन्ही बदलतात. म्हणून एका रायफलीची भरणी दुसरीत जशीच्या तशी वापरू नये आणि छापील कोष्टकातल्या किमान मापापासून सुरुवात करावी, हा या कामाचा पहिला नियम.

दुसऱ्या महायुद्धात तांबे, पितळ आणि दारू लष्कराकडे वळली आणि बाजारात गोळ्या मिळेनाशा झाल्या. कॅलिफोर्नियाच्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये एक साचा बनवला. .२२ रिमफायर या स्वस्त काडतुसाच्या फेकून दिलेल्या पुंगळ्या त्यात ताणून त्यांचे गोळीचे आवरण होई आणि आत शिसे दाबले की रॉकचकसाठी उत्तम गोळी तयार होई. ‘रॉक चक बुलेट स्वेज’ या नावाच्या आद्याक्षरांवरून आरसीबीएस ही भरण्याच्या अवजारांची जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. एका काडतुसाची पुंगळी दुसऱ्याची गोळी झाली, तीही एका उपद्रवी प्राण्याच्या नावाने. आयडाहोमधले व्हर्नन स्पीअर हेही याच वाटेने गोळ्या बनवू लागले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या जॉइस हॉर्नाडी यांनी १९४९ मध्ये नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला स्वतःचा कारखाना काढला.

युद्ध संपल्यावर उलट पूर आला. लष्कराकडे उरलेली दारू कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी घाऊक विकत घेतली आणि भरणा करणाऱ्यांना स्वस्तात विकली. त्यांच्या एका दारूचे नाव एच ३८० आहे; .२२-२५० मध्ये ते स्वतः ३८ ग्रेन दारू वापरत, त्यावरून ते पडले. स्वस्त दारू, चांगल्या गोळ्या आणि घरी चालणारी अवजारे हाती आल्यामुळे १९५० च्या दशकात घरचा भरणा सर्वसामान्य छंद झाला.

.२२२ आणि त्याचा लष्करी धाकटा भाऊ

१९५० मध्ये रेमिंग्टनने .२२२ काढले. त्याचे रचनाकार माइक वॉकर हे कंपनीतले अभियंते आणि स्वतः पट्टीचे नेमबाज. या काडतुसाचे वेगळेपण असे की त्याची पुंगळी कुठल्याही जुन्या पुंगळीवरून न घेता नव्याने आखली होती. ५० ग्रेनची गोळी, सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास वेग. हॉर्नेट आणि स्विफ्ट यांच्या बरोबर मधली जागा. मेजावर रायफल टेकवून एकाच भोकात पाच गोळ्या मारण्याच्या स्पर्धांत .२२२ ने वास्पला मागे टाकले आणि पुढची पंचवीस वर्षे ते आघाडीवर राहिले. १९७० च्या दशकाच्या मध्याला लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांच्या आखूड-जाड पीपीसी काडतुसांनी ती जागा घेतली. त्या काडतुसांची मूळ पुंगळी रशियन होती.

.२२२ चे नशीब लष्कराने बदलले. १९५७ च्या सुमारास अमेरिकी सैन्याला हलकी, लहान व्यासाची रायफल हवी होती. आर्मालाइट कंपनीत युजीन स्टोनर यांच्या रायफलीसाठी .२२२ ची पुंगळी थोडी लांब करण्यात आली. त्यातून ५.५६ मिलिमीटर लष्करी काडतूस आणि १९६४ पर्यंत त्याचा नागरी जुळा .२२३ रेमिंग्टन तयार झाला. लष्करी कोठारांतून रिकाम्या पुंगळ्या पोत्यांनी बाहेर पडू लागल्या आणि त्या स्वस्त पितळाने .२२२ ला हळूहळू बाजूला सारले. अचूकतेत दोघांत फारसे अंतर नव्हते. निकाल पुरवठ्याने लावला. भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलीचे काडतूसही हेच ५.५६ मिलिमीटरचे आहे आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात ते बनते. वुडचकसाठी आखलेल्या पुंगळीची वंशावळ अशी खानदेशापर्यंत पोहोचली.

आणखी बारीक

.२२ हून लहान गोळीचे प्रयोग पी. ओ. अॅकली या गाजलेल्या कारागिराने १९४० च्या दशकातच केले होते. १९७१ मध्ये रेमिंग्टनने .१७ रेमिंग्टन काढले: .२२३ च्या पुंगळीचा खांदा मागे सरकवून ०.१७२ इंच, म्हणजे ४.४ मिलिमीटरची, २५ ग्रेनची गोळी आणि सेकंदाला ४,०४० फूट वेग. धक्का जवळपास शून्य, म्हणून परिणाम दुर्बिणीत स्वच्छ दिसे. पण इतक्या बारीक नळीत तांब्याचा थर लवकर साचतो, साफ करायची सळई वेगळी लागते आणि हलकी गोळी वाऱ्याने बाजूला ढकलली जाते.

या व्यासाला खरी लोकप्रियता मिळाली ती २००२ मध्ये हॉर्नाडीच्या .१७ एचएमआरमुळे. यात १९५९ च्या .२२ मॅग्नम रिमफायरची पुंगळी आवळलेली आहे. १७ ग्रेनची गोळी सेकंदाला २,५५० फूट वेगाने जाते. रिमफायरमध्ये प्रायमरचे रसायन बुडाच्या दुमडीत भरलेले असल्याने ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. भरण्याच्या छंदातून वाढलेल्या घराण्यात सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक काडतूस भरताच न येणारे निघाले. २००४ मध्ये रुगर आणि हॉर्नाडी यांनी .२०४ रुगर काढले; .२२२ मॅग्नम या १९५८ च्या जुन्या काडतुसाची पुंगळी, ३२ ग्रेनची गोळी आणि जाहीर केलेला वेग ४,२२५ फूट. २०१२ मध्ये हॉर्नेटची पुंगळी .१७ पर्यंत आवळलेले .१७ हॉर्नेटही कारखान्यातून येऊ लागले.

तुलनेचा हिशेब

नळीच्या तोंडाशी गोळीत असलेली ऊर्जा पाहिली तर क्रम स्पष्ट दिसतो. .१७ एचएमआर सुमारे ३३० ज्यूल, हॉर्नेट ९८० च्या आसपास, .१७ रेमिंग्टन सव्वाबाराशे, .२२२ सुमारे पंधराशे, .२०४ आणि .२२३ सतराशेच्या घरात आणि .२२-२५० बावीसशेच्या पुढे. हॉर्नेट दीडशे-पावणेदोनशे मीटरला थांबते, .२२२ आणि .२२३ अडीचशेच्या आसपास आणि .२२-२५० व स्विफ्ट साडेतीनशेपर्यंत कामाचे राहतात. मात्र ही दोन्ही हॉर्नेटच्या जवळपास तिप्पट दारू खातात आणि नळीही लवकर झिजवतात. दिवसभर प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसणाऱ्याला म्हणूनच .२२३ किंवा .२०४ परवडते, मोकळ्या माळावर एखादाच लांबचा कोयोटी टिपणाऱ्याला .२२-२५०.

दुसरा हिशेब आट्यांचा. नळीतल्या आट्यांचा पीळ गोळीला फिरकी देतो. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. हॉर्नेटला १६ इंचांत एक फेरा पुरे, .२२२, स्विफ्ट आणि .२२-२५० ला १४ इंचांत एक. .२२३ च्या रायफली आज १२ पासून ७ इंचांपर्यंतच्या पिळात मिळतात, कारण लष्करात लांब, जड गोळ्या आल्या. सैल पिळाच्या जुन्या रायफली हलक्या गोळ्यांपुरत्याच राहिल्या.

माळरानाची बाजू

या काडतुसांचे लक्ष्यही दरम्यान बदलले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी मोहिमांनी प्रेअरी डॉगना विषारी दाणे घालून मोठ्या प्रमाणावर मारले. त्यातच प्लेगची भर पडली. १८९६ मध्ये मुंबईत थैमान घातलेल्या प्लेगची जागतिक साथ १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली आणि पुढे पश्चिमेकडच्या रानातल्या कृंतकांत रुजली. प्रेअरी डॉग घटल्यावर त्यांच्यावर जगणारे काळ्या पायांचे फेरेट नामशेष झाल्याचे मानले गेले. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीत्सीजवळ ते पुन्हा सापडले. कोणता प्राणी उपद्रवी आणि कोणता साखळीतला आवश्यक दुवा, हा प्रश्न त्यामुळे गंभीर झाला आणि काही ठिकाणी शिकारीवर बंधने आली.

फुटणाऱ्या गोळीचा गुणही नव्या प्रकाशात पाहिला गेला. तिचे शिशाचे कण मेलेल्या प्राण्यात राहतात आणि ते खाणाऱ्या गरुडांच्या, कावळ्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून शिकारीतले शिसे टप्प्याटप्प्याने हटवले. १ जुलै २०१९ पासून ही बंदी संपूर्ण राज्यात लागू झाली. तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो. १४ इंची पिळाच्या जुन्या .२२-२५० रायफलींना ती नीट फिरवता येत नाही. नव्या रचना याच गरजेतून आणि लांब पल्ल्याच्या हौसेतून आल्या. हॉर्नाडीने २०२४ मध्ये आणलेले .२२ एआरसी घट्ट पिळाच्या नळीतून लांब, जड गोळ्या फेकण्यासाठी आखलेले आहे. त्याची पुंगळी ६.५ ग्रेंडेल या काडतुसाकडून आली, ग्रेंडेलची पीपीसीमार्गे .२२० रशियनकडून आणि त्याची सोव्हिएत सैन्याच्या ७.६२ × ३९ काडतुसाकडून.